सातारा हिल हाफ मॅरेथॉन: कुटुंब आणि मित्रांसह शनिवार-रविवारच्या मुक्कामाचे नियोजन

सातारा शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने डोंगरमाथ्यावरून पुढे जाऊन वळायचे आणि त्याच वाटेने पुन्हा शहरात उतरायचे, असा २१.१ किलोमीटरचा मार्ग असलेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. पुणे, मुंबई आणि कोल्हापूरच्या अनेक धावपटूंच्या वर्षाच्या आखणीत तिची जागा आता पक्की आहे. शर्यत पावसाळा ओसरू लागतो त्या दिवसांत होते, डोंगर हिरवेगार असतात, हवा गार असते, आणि त्यामुळे घरच्यांनाही सोबत यावेसे वाटते. अडचण नेमकी इथे सुरू होते. धावणाऱ्याला शनिवारी विश्रांती हवी असते, तर बाकीच्यांना त्याच दिवशी फिरायचे असते. रविवारी सकाळी तो घाटात असतो आणि बाकीचे खोलीत किंवा शर्यत जिथून सुटते आणि जिथे संपते त्या मैदानाबाहेर ताटकळत बसतात. दुपारी त्यांना पुन्हा बाहेर पडायचे असते, तेव्हा त्याचे पाय जागचे हलत नाहीत. या सहलीसाठी एकच वेळापत्रक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धावणाऱ्यांचे एक आणि न धावणाऱ्यांचे दुसरे, अशी दोन वेळापत्रके करावीत आणि ती दोन्ही कुठे व केव्हा एकत्र येतील एवढेच काटेकोरपणे ठरवावे. पुढची सगळी मांडणी त्याच आधारावर केली आहे.

नोंदणी आणि सोबतीचा निर्णय

या शर्यतीच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे नोंदणी सुरू होण्याची तारीख आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून ठेवावी आणि ज्यांना धावायचे आहे त्यांची छायाचित्रे, ओळखपत्रे आणि मागितल्यास आधीच्या शर्यतीचे वेळेचे प्रमाणपत्र अगोदरच गोळा करून ठेवावे. नोंदणी होताच त्याच दिवशी दिनदर्शिका उघडून गणेशोत्सव कधी आहे ते पाहावे. शर्यत साधारण सप्टेंबरच्या पूर्वार्धात येत असल्यामुळे एखाद्या वर्षी ती गणेश चतुर्थीच्या ऐन तोंडावर पडते, तर एखाद्या वर्षी विसर्जनाच्या आसपास. चतुर्थीआधीच्या शनिवारी पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग गावी निघालेल्या गाड्यांनी भरलेला असतो. ज्या घरात गणपती बसतो, त्या घरातल्या माणसांना शर्यतीला यायचा आग्रह करणे तर मुळीच योग्य नाही.

कोण धावणार आणि कोण केवळ सोबत येणार, हे नोंदणीपूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. मित्रांच्या आग्रहाखातर एखाद्याने तयारीविना नाव नोंदवले, तर त्याच्या काळजीत बाकीच्यांचीही शर्यत जाते. सपाट रस्त्यावर एकवीस किलोमीटर सहज धावणाऱ्यालाही इथे वेगळी तयारी लागते, कारण पहिल्या अर्ध्या भागात चढण आहे आणि परतीच्या अर्ध्या भागात उतार. लोक चढाचा सराव करतात आणि उताराचा विसरतात. उतारावर धावताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे त्यांच्यात सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय सर्वाधिक दुखतात. मात्र काही आठवडे आधीपासून थोडा थोडा उतार धावून घेतला, तर हेच स्नायू पुढच्या वेळी बरेच सावरतात. पुणेकरांना बोपदेव घाट किंवा सिंहगडाचा रस्ता आणि ठाणे-मुंबईकरांना येऊर किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता यासाठी पुरेसा आहे. शेवटचा मोठा चढ-उताराचा सराव शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी संपवावा आणि त्यानंतर अंतर कमी करत न्यावे.

मुक्काम कुठे करावा

संपूर्ण सहलीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा आहे, आणि बहुतेक लोक तो छायाचित्रे पाहून घेतात. यवतेश्वर आणि कास रस्त्यावर दरीकडे तोंड असलेली, ढगांत बुडालेली सुंदर रिसॉर्ट्स आहेत. कुटुंबाला तीच आवडतात, आणि एरवी ती निवडण्यात काहीच गैर नाही. परंतु हा रस्ता म्हणजेच शर्यतीचा मार्ग आहे. रविवारी पहाटेपासून तो वाहनांसाठी बंद केला जातो, म्हणजे वर राहणाऱ्या धावपटूला अंधारात, धुक्यात घाट उतरून खाली यावे लागते आणि त्याच्या घरच्यांना शर्यत संपेपर्यंत गाडीने खालीही येता येत नाही. लहान मुलाला ताप आला किंवा वडीलधाऱ्यांना काही झाले, तर ही अडचण गंभीर होते. म्हणून शनिवारची रात्र शहरातच काढावी आणि वरच्या रिसॉर्टचा मोह असेल, तर तो रविवारच्या रात्रीसाठी राखून ठेवावा.

शहरात पोवई नाक्याच्या आसपास, जिथून सुरुवातीच्या मैदानापर्यंत चालत जाता येईल अशा अंतरावर खोल्या मिळाल्या, तर त्यासारखी सोय नाही. पहाटे गाडी काढायला नको, वाहनतळ शोधायला नको आणि शर्यत संपल्यावर दुखऱ्या पायांनी गाडीपर्यंत पोहोचायलाही नको. त्या खोल्या संपल्या असतील, तर महामार्गालगत बॉम्बे रेस्टॉरंट चौक किंवा वाढे फाटा या बाजूला शोधावे. तिथून पहाटे मैदानाकडे येण्यासाठी गाडी लागते, एवढीच गैरसोय. खोल्या नोंदणीच्याच आठवड्यात घ्याव्यात आणि आरक्षण करताना हॉटेलला तीन प्रश्न विचारावेत: रविवारी पहाटे चारला गरम पाणी मिळेल का, त्या वेळी चहा आणि केळी किंवा ब्रेड मिळेल का, आणि खोली सोडण्याची वेळ दुपारपर्यंत वाढवून मिळेल का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण धावून आल्यावर अंघोळीसाठी आणि तासभर आडवे होण्यासाठी खोली हातात नसेल, तर पुढची सगळी दुपार गाडीच्या सीटवर जाते. वाढीव पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

खोल्यांची वाटणी कुटुंबाप्रमाणे न करता वेळापत्रकाप्रमाणे केली, तर अधिक सुखाचे होते. जे पहाटे उठणार आहेत ते एका खोलीत आणि ज्यांना सातपर्यंत झोपायचे आहे ते दुसऱ्या खोलीत. तान्हे मूल असलेल्या घरात हे एका रात्रीपुरते करून पाहावेच.

प्रवास

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर आणि मुंबईहून सुमारे २५० किलोमीटर आहे. पुण्याहून येताना वाटेत खंबाटकी घाटाचा टप्पा लागतो आणि शनिवारी सकाळी उशिरा निघालेल्यांचा तिथे तासन्‌तास खोळंबा होऊ शकतो. म्हणून पुण्यातून सकाळी सहाच्या आत निघावे, आणि मुंबईकरांनी शक्य असल्यास शुक्रवारी रात्रीच पुणे ओलांडावे किंवा पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करावा. गाडी नको असेल, तर स्वारगेटहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या विनाथांबा गाड्या दोन-तीन माणसांना पुरेशा आहेत. रेल्वेने कोयना एक्सप्रेसने दुपारी पोहोचता येते, मात्र सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीकडे असल्याने तिथून पुढे रिक्षा करावी लागते, हे सामान घेताना लक्षात असू द्यावे.

दहा-बारा जणांचा गट असेल, तर एक मोठी ट्रॅव्हलर करण्याऐवजी दोन गाड्या घ्याव्यात. एकच वाहन असले की सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणी जावे लागते आणि दोन वेळापत्रकांची कल्पनाच मोडते. प्रत्येक गाडीत परतीच्या प्रवासात चालवणारी एक न धावणारी व्यक्ती हवी. रविवारी पहाटे तीनला उठलेल्या आणि डोंगर उतरून आलेल्या माणसाने संध्याकाळी महामार्गावर गाडी चालवू नये. अशी व्यक्ती गटात नसेल, तर सोमवारची रजा टाकावी किंवा चालक ठरवून न्यावा.

शनिवार

पुण्याकडून येताना साताऱ्याच्या अलीकडे, लिंब गावाजवळ बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतलेली ही अष्टकोनी विहीर, तिच्या पोटातला छोटा महाल आणि वर मोटा चालवण्याच्या जागा पाहण्यासाठी तासभर पुरतो, आणि मुलांना ती हमखास आवडते. ती शनिवारी येतानाच पाहून घ्यावी, कारण तिथे उतरायला पायऱ्या आहेत आणि रविवारी परतताना धावलेल्या पायांना त्या पायऱ्या नकोशा होतील.

साताऱ्यात पोहोचल्यावर पहिले काम बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, घेण्याचे. शर्यतीच्या दिवशी सकाळी बिब मिळेल असे गृहीत धरू नये. ओळखपत्र आणि नोंदणीची पावती मोबाइलवर तसेच कागदावर जवळ ठेवावी, बिबवरचे नाव, वयोगट आणि वेळ नोंदवणारी चिप जागेवरच तपासावी आणि बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट व सोबत आलेल्या, न धावणाऱ्या व्यक्तीचा मोबाइल क्रमांक लिहावा. पुष्कळ मित्र एकमेकांचेच क्रमांक लिहितात आणि ते दोघेही त्या वेळी घाटात असतात. बिब वाटपाच्या ठिकाणच्या एक्स्पोमध्ये, म्हणजे धावण्याच्या सामानाच्या प्रदर्शनात, मन रमते, परंतु तासाभराहून अधिक काळ उभे राहू नये आणि तिथे घेतलेले नवे बूट, नवे मोजे किंवा नवे एनर्जी जेल दुसऱ्या दिवशी वापरू नये.

इथून दोन वाटा वेगळ्या होतात. धावणाऱ्यांनी दुपारी जेवून खोलीत पडून राहावे, आणि ज्यांना धावायचे नाही त्यांनी सज्जनगडाकडे निघावे. समर्थ रामदासांची समाधी, गडावरून दिसणारे उरमोडी धरणाचे पाणी आणि वेळ उरला तर त्याच रस्त्याने पुढे ठोसेघरचा धबधबा, एवढा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम भरगच्च आहे. धावणाऱ्याला एकटे टाकून गेल्याची रुखरुख घरच्यांनी बाळगू नये. शर्यतीच्या आदल्या दुपारी झोप आणि शांतता हीच त्याची सर्वांत मोठी गरज असते, आणि ती पुरवणे ही मोठी मदत आहे. हे बोलणे मात्र निघण्यापूर्वी घरीच व्हायला हवे, म्हणजे साताऱ्यात ऐन वेळी रुसवे-फुगवे होत नाहीत.

संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी एकत्र जेवावे. वरण-भात, मऊ खिचडी, पोळी आणि साधी भाजी, दही अशा नेहमीच्या, कमी तिखट, कमी तेलाच्या जेवणावर धावणाऱ्याने थांबावे. झणझणीत रस्सा, मिसळ, उसळी आणि भरपूर कोशिंबीर हे सगळे रविवारच्या दुपारी खाता येईल. इतरांनी हवे ते खावे, पण एकाच हॉटेलात बसावे, म्हणजे पुढच्या सकाळचे बोलणे सगळ्यांसमोर होते: कोण किती वाजता उठणार, खोलीची किल्ली कोणाकडे, गाडी कुठे असणार, शर्यतीनंतर कुठे भेटायचे. नऊपर्यंत दिवा मालवावा. झोप लागली नाही तरी घाबरू नये, कारण त्याआधीच्या दोन-तीन रात्रींची झोप पुरेशी झालेली असेल, तर एका रात्रीच्या जागरणाने फारसे बिघडत नाही.

रविवारची पहाट

शर्यत सुटण्याच्या वेळेच्या अडीच ते तीन तास आधी उठावे. उठल्यावर अर्ध्या तासात केळे, ब्रेड-जॅम, राजगिऱ्याचा लाडू किंवा घरून आणलेली दशमी, जे सरावात पचले असेल ते खावे, त्यावर चहा किंवा कॉफी आणि पाणी घोट घोट प्यावे. सुटण्यापूर्वी पाऊण तास मैदानात पोहोचावे, कारण स्वच्छतागृहांसमोर लांब रांगा असतात आणि सामान ठेवायलाही वेळ लागतो. सप्टेंबरमध्ये साताऱ्यात पहाटे भुरभुर पाऊस असतो. उभे राहण्याच्या काळात अंगावर एक जुना शर्ट किंवा मोठी प्लास्टिकची पिशवी घालावी, मोबाइल पाणी न जाणाऱ्या पिशवीत ठेवावा आणि घर्षण होते त्या सगळ्या जागी व्हॅसलीन लावावे. ओल्या कपड्यांनी दीड-दोन तासांत कातडी सोलवटते, आणि उतारावर हे अधिक जाणवते.

मित्रांनी एकत्र सुरुवात करावी, परंतु एकत्र संपवण्याचे वचन एकमेकांना देऊ नये. घाटात प्रत्येकाचा श्वास वेगळा चालतो. सोबत राहण्यासाठी एकाने ओढून धावायचे आणि दुसऱ्याने रेंगाळायचे, यात दोघांचीही शर्यत खराब होते.

शहरातला सुरुवातीचा टप्पा गर्दीचा आणि उत्साहाचा असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातारकर उभे असतात, शाळकरी मुले हात पुढे करतात, ढोल आणि लेझीम वाजत असते, आणि पाय आपोआप भराभर पडू लागतात. तिथे वेग आवरणे ही त्या सकाळची पहिली परीक्षा आहे. समर्थ मंदिराकडून पुढे घाट लागला की सपाट रस्त्यावरच्या वेळेचा हिशेब सोडून द्यावा आणि घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. शेजारच्याशी दोन-चार शब्द बोलता येतील एवढाच जोर लावावा, पावले आखूड ठेवावीत आणि तीव्र चढावर झपझप चालायला मुळीच संकोचू नये. दमाने चाललेला धावपटू वरच्या सपाटीवर बळजबरीने धावलेल्याला बहुधा गाठतो. माथ्यावर धुके आणि वारा असतो, घाम लवकर वाळतो आणि तहान जाणवत नाही, म्हणून प्रत्येक पाण्याच्या ठिकाणी निदान दोन घोट घ्यावेत. तहान नसताना ग्लासमागून ग्लास रिचवणे मात्र घातक ठरू शकते, कारण त्याने रक्तातले सोडियम खाली जाते.

परतीच्या उतारावर मोकाट सुटण्याचा मोह होतो. टाच आपटत, मागे रेलून धावले की गुडघे आणि मांड्या भरून येतात. त्याऐवजी अंग किंचित पुढे, पावले आखूड आणि जलद, नजर आठ-दहा पावले पुढे, अशा रीतीने उतरावे. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि वळणांवरचे शेवाळ टाळावे. अजून काही धावपटू वर येत असतात, त्यामुळे नेमून दिलेली बाजू सोडू नये. छातीत दुखणे, चक्कर किंवा गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही जाणवले, तर तिथेच थांबून स्वयंसेवकाला सांगावे. सूज उतरवणाऱ्या किंवा दुखणे मारणाऱ्या गोळ्या धावण्यापूर्वी वा धावताना घेऊ नयेत, त्यांचा मूत्रपिंडावर भार पडतो.

पाहणाऱ्यांनी कुठे उभे राहावे

जायचा आणि यायचा रस्ता एकच असल्यामुळे एकाच जागी उभे राहून आपला माणूस दोनदा दिसतो. घाटाच्या पायथ्याशी किंवा राजपथावर, खोलीपासून चालत जाता येईल अशी जागा शनिवारीच निवडावी आणि ती रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे धावणाऱ्याला सांगून ठेवावे. सुरुवातीपासून त्या जागेचे अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजावे आणि त्याला धावणाऱ्याच्या अपेक्षित वेगाने गुणावे. अंतर चार किलोमीटर आणि वेग किलोमीटरला सात मिनिटे असेल, तर तो सुटल्यानंतर अठ्ठावीस मिनिटांनी दिसेल, त्यात गर्दीची पाच मिनिटे मिळवावीत. परतीची वेळ मात्र पंधरा-वीस मिनिटे इकडे तिकडे होणार हे धरूनच चालावे, म्हणजे उगाच काळजी वाढत नाही. मधल्या दीड-दोन तासांत मुलांना घेऊन नाश्ता करावा, कंदी पेढे घ्यावेत, आणि वेळेआधी दहा मिनिटे जागेवर परतावे. पोशाखाचा रंग आणि बिब क्रमांक लिहून ठेवला नाही, तर गर्दीत शेकडो ओले टी-शर्ट सारखेच दिसतात.

अखेरच्या रेषेजवळ भेटायचे ठरवू नये. तिथे गर्दी दाटते आणि मोबाइल लागत नाहीत. मैदानाबाहेरचे एखादे ठळक दुकान, चौक किंवा झाड ठरवावे आणि शर्यत सुटल्यापासून किती वेळाने सगळ्यांनी तिथे असावे हेही ठरवावे. भेटीच्या जागी येणाऱ्याच्या हातात कोरडा टी-शर्ट, टॉवेल, चपला, ओआरएस आणि काहीतरी खारट असावे.

शर्यतीनंतर, आणि कास

पदक गळ्यात पडल्यावर लगेच खाली बसू नये. दहा मिनिटे चालावे, कोरडे कपडे चढवावेत, तासाभरात नीट नाश्ता करावा आणि मग खोलीवर जाऊन अंघोळ व झोप. जोरकस मालिश त्या दिवशी टाळावी, आणि मद्यपानही. लघवी गडद तपकिरी झाली किंवा कित्येक तास झालीच नाही, तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता साताऱ्यातच डॉक्टरांकडे जावे.

रविवारी दुपारी सगळ्यांना कासला जायचे असते. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि तेव्हापासून हंगामातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे प्रचंड रेटा असतो. रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शर्यतीचा रस्ता मोकळा होताच हजारो माणसे त्याच घाटाने वर निघतात, त्यामुळे रविवारची दुपार ही कास पाहण्याची सर्वांत वाईट वेळ आहे, असे मी आग्रहाने सांगतो. रविवारी दुपारी संगम माहुलीला जावे. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावरची देवळे आणि समाध्या हळूहळू, थांबत थांबत पाहता येतात. रविवारची रात्र यवतेश्वरला काढावी आणि सोमवारी सकाळी, गर्दी ओसरल्यावर, कासला जावे. फुले पावसाच्या लहरीवर असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला तेरडा आणि गेंद या फुलांचे गालिचे पुरते भरलेले असतीलच असे नाही, म्हणून मुलांना रंगांची खात्री देऊ नये. ठरलेली वाट सोडून फुलांत शिरू नये. एका छायाचित्रासाठी तुडवलेली जागा त्या हंगामात पुन्हा फुलत नाही.

सोमवारची रजा नसेल, तर कास यंदा सोडून द्यावे आणि रविवारी दुपारी दोनच्या आत महामार्गाला लागावे. चारनंतर पुण्याकडे जाणाऱ्या रांगा वाढतात. दर तासाने गाडी थांबवून धावलेल्यांनी पाच मिनिटे चालावे, नाहीतर घरी उतरताना पाय सरळ होत नाहीत. मंगळवार-बुधवारपर्यंत जिना उतरताना मांड्या बोलतील, तोवर फक्त चालणे ठेवावे, आणि दुखणे पूर्ण थांबल्यावरच, साधारण आठवड्याभराने, सपाट रस्त्यावर हलके धावणे पुन्हा सुरू करावे.